चलान भरल्यावर उरते ते

मुंबई-गोवा महामार्गाने खेड मागे टाकून चिपळूणच्या दिशेने निघाले, की परशुराम घाटाच्या अलीकडे लोटे लागते. या गावाचे नाव आज सर्वदूर पोहोचले आहे ते लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीमुळे. रसायनांचे कारखाने, त्यांच्या पाळ्या, पाळी सुटताच घराकडे धावणाऱ्या दुचाक्या आणि रात्रंदिवस ये-जा करणारे टँकर, असा येथील रस्त्याचा संसार आहे. घाणेखुंट, असगणी, आवाशी, पीरलोटे ही आसपासची गावे याच रस्त्याच्या आधाराने कामाला जातात आणि परत येतात. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन होते, तेव्हा आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे याच वाटेने गेली आणि आली. मोटारीच्या खिडकीतून त्यांनी परशुराम घाट पाहिला असेल, वाशिष्ठीचे पाणी पाहिले असेल. आणि चौपदरी रस्त्यावर आपल्याच बाजूने, कडेकडेने, आपल्याकडे तोंड करून येणारी एखादी दुचाकीही पाहिली असेल. चालवणारा निर्विकार, मागे पत्नी, मध्ये मूल, हँडलला पिशवी. त्याच्या चेहऱ्यावर अपराधाची छटाही नसते. आजचा आमचा विषय हा चेहरा आहे.

हा महामार्ग पूर्वी क्रमांक १७ चा होता, आता ६६ चा आहे. त्या जुन्या रस्त्यावर उलट्या बाजूचा प्रश्न वेगळ्या रूपात होता. रस्ता एकच, पट्टी अरुंद, दोन्हीकडची वाहने तिच्यावरच. पुढचा ट्रक ओलांडायचा तर समोरून येणाऱ्याची बाजू क्षणभर उसनी घ्यावी लागे. त्यात धोका होता आणि त्या धोक्याने किती घरे उजाड झाली हे कोकणाला सांगण्याची गरज नाही. परंतु समोरून कोणीतरी येणार हे तेथे प्रत्येकाला ठाऊक होते. डोळा त्या तयारीने पुढे पाहत असे. पुढे चौपदरीकरण आले. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले, दक्षिणेकडील टप्प्यांचे त्यानंतर. आणि ते किती रेंगाळले याची कथा ज्याने त्याने आपल्या पाठीच्या मणक्यांवर सोसली आहे. जेथे काम झाले तेथे मधोमध दुभाजक उभा राहिला. त्या सिमेंटच्या बुटक्या भिंतीने प्रवाशाला एक शब्द दिला : या बाजूने समोरून कोणी येणार नाही. दुभाजक आला तेव्हा वेग वाढला तो या शब्दाच्या भरवशावर. उलट्या बाजूने येणारा माणूस नेमका हा शब्द मोडतो.

आता एक प्रसंग कल्पू. कारखान्यात पाळी करणारा एक माणूस आहे. त्याचे घर रस्त्याच्या ज्या बाजूला, त्याच बाजूला दोनशे मीटर मागे किराणा दुकान आहे. नियमाने जायचे तर पुढे दुभाजकातल्या मोकळ्या जागेपर्यंत जावे, वळसा घ्यावा, पलीकडून मागे यावे, पुन्हा वळावे. दोनशे मीटरसाठी दोन-तीन किलोमीटर. पेट्रोल त्याच्या खिशातले, वेळ त्याच्या झोपेतला. तो कडेकडेने उलटा जातो. दुर्जन तो नव्हे; रविवारी तो आपल्याच शेजारी बाकावर बसतो, शेजाऱ्याचे आजारपण काढतो. त्याला कोणी हटकले तर तो म्हणतो, ‘पकडले तर दंड भरीन की!’ आणि एकदा पकडल्यावर तो खरोखरच दंड भरतो. मग आमच्यापुढे प्रश्न उभा राहतो : दंड भरल्यावर त्याच्याकडे कोणाचे काही देणे उरते काय?

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. मोटार वाहन अधिनियम १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यात वाहतुकीचे चिन्ह वा साधा नियम मोडणाऱ्यासाठी १७७ वे कलम आहे आणि धोकादायक रीतीने वाहन हाकणाऱ्यासाठी १८४ वे. दोहोंत मोठे अंतर आहे. पहिल्यात पूर्वी शंभर रुपयांपर्यंत दंड होता, २०१९ च्या दुरुस्तीने तो पाचशेपर्यंत गेला, पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दीड हजारापर्यंत. दुसऱ्यात त्याच दुरुस्तीने एक स्पष्टीकरण आले आणि त्यात, वाहतुकीचा जो प्रवाह ठरवून दिला आहे त्याच्या विरुद्ध वाहन चालवणे हे धोकादायक चालवणेच होय, असे नाव घेऊन सांगितले गेले. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्राने वाढीव दंड लगेच स्वीकारले नाहीत. ते येथे २०२१ च्या डिसेंबरात लागू झाले. मार्च २०२२ मध्ये मुंबईचे तत्कालीन पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी तर उलट्या बाजूने येणाऱ्यांवर थेट फौजदारी गुन्हे नोंदवण्याचा आदेश दिला होता. त्या वेळी पुष्कळांना हा अतिरेक वाटला. दुचाकीवरून दूध आणायला निघालेल्या माणसाच्या नावावर गुन्हा? आम्हांला त्या आश्चर्याचेच आश्चर्य वाटले. परंतु त्याकडे पुढे येऊ.

प्रत्यक्षात बहुतेकांच्या वाट्याला येते ते मोबाईलवरचे ई-चलान. ते येते, साचते, आणि लोकअदालतीत तडजोड होईल या आशेवर आणखी साचते. रस्त्यावरच्या माणसाच्या मनात दंडाचे हळूहळू भाडे होते. शंभर खेपांत एकदा पकडले जायचे असेल, तर पाचशे रुपये म्हणजे खेपेला पाच. वळशाच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त. हा हिशेब कोणी कागदावर मांडत नाही, पण हात तो करून मोकळे होतात.

दंडाचे भाडे होण्याचा हा प्रकार अन्यत्रही अभ्यासला गेला आहे. इस्राएलमधील हायफा शहरात काही पाळणाघरांत पालक मुलांना न्यायला उशिरा येत. दोन अर्थशास्त्रज्ञांनी तेथे एक प्रयोग केला; त्याचा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. उशिरा येणाऱ्यांना लहानसा दंड लावला, तर उशीर कमी होण्याऐवजी वाढला. पूर्वी पालकांना वाटे, बाई आपल्यासाठी थांबली आहे, तिलाही घर आहे. दंड आल्यावर वाटू लागले, थांबण्याचे पैसे आपण देतोच आहोत. पुढे दंड काढून टाकला तरी जुनी लाज परत आली नाही. आम्हांला या प्रयोगातील शेवटची गोष्ट सर्वांत बोचते. ज्या कृत्याला एकदा किंमत लागली, त्याची लाज गेली ती गेलीच.

आपल्या वाचकांपैकी कोणी म्हणेल, की सरकारी नियम आणि पाप यांची गल्लत का करावी? या शंकेमागे ख्रिस्तसभेतलीच एक जुनी परंपरा आहे आणि तिला उडवून लावणे आम्हांला योग्य वाटत नाही. १२३६ साली डोमिनिकन संघाच्या महासभेने ठरवले, की संघाचे नियम मोडणारा बंधू दोषाला नव्हे, तर केवळ शिक्षेला पात्र होईल. जेवणाच्या घंटेला उशीर झाला, मौन मोडले, तर प्रायश्चित्त करावे. त्याने आत्मा काळवंडला असे समजू नये. मठात हे शहाणपणाचे होते. पुढे नीतिशास्त्रज्ञांनी हाच विचार राज्याच्या कायद्यांना लावला. काही कायदे केवळ दंडात्मक असतात, ते माणसापुढे पर्याय ठेवतात : एक तर आज्ञा पाळ, नाहीतर दंड भर, दोहोंपैकी एक केले की सदसद्विवेकबुद्धी मोकळी. येशूसंघीय पंडित फ्रान्सिस्को सुआरेझ यांनी १६१२ साली प्रसिद्ध केलेल्या कायदेविषयक ग्रंथात या मताची भक्कम मांडणी आहे. (त्याच दशकात, १६१६ मध्ये, साष्टीतील रायतूर येथे त्यांचेच संघबंधू फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. एकाच संघाची दोन माणसे. एक कोइंब्रात कायद्याची गाठ सोडवीत होता, दुसरा आपल्या मराठीत ओव्या रचीत होता.) जकात, टोल, राजाच्या जंगलातले लाकूड, अशा गोष्टींना हे मत शतकानुशतके लावले गेले. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंच्या पाठ्यपुस्तकांतूनही ते विसाव्या शतकापर्यंत टिकून होते.

या मतात दयाळूपणा होता. राजे लोभी असत, कर अन्यायाचे असत. गरिबाने मोळीभर लाकूड आणले तर त्याला नरकाचे भय घालावे काय, हा प्रश्न खरा होता. परंतु या दयेची हद्द कोठे संपते हे त्यातच दडलेले आहे. मौन मोडल्याने मठाची शिस्त बिघडते, जकात चुकवल्याने राजाची तिजोरी. ज्याचे गेले तोच दंड घेतो. म्हणून दंड दिल्यावर हिशेब मिटतो, असे निदान म्हणता तरी येते. लोट्याच्या रस्त्यावर तसे नाही. तेथे दंड घेते शासन, आणि धोक्यात घातला जातो तो घाट उतरून येणारा एक अनोळखी माणूस. त्याला कोणी विचारले नाही. पाचशे रुपयांतला एक पैसाही त्याच्याकडे जात नाही. दुभाजकाने दिलेला शब्द त्याला दिलेला आहे. तो मोडण्याची परवानगी शासनाकडून विकत घेता येत नाही, कारण शासनाकडे ती विकण्यासाठी नाहीच. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगासंबंधीच्या आपल्या दस्तऐवजात करचुकवेगिरीबरोबरच आरोग्याचे आणि वाहनाच्या वेगाचे नियम तुच्छ लेखणाऱ्यांचाही उल्लेख केला, आणि असे लोक स्वतःचे व इतरांचे प्राण संकटात घालतात हे त्यांच्या ध्यानीही येत नाही, असा त्याचा आशय होता. ध्यानी न येणे, हाच तो निर्विकार चेहरा.

येथे एक चतुर आक्षेप निघतो. डावी बाजू काय किंवा उजवी काय, देवाने थोडीच नेमून दिली आहे? खरे आहे. जगातील बहुतेक देश उजवीकडून चालतात, आपण डावीकडून. १९२८ साली पोर्तुगालने आपली वाहने उजव्या बाजूला नेली, तेव्हाही गोव्यात ती डावीकडेच राहिली. शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानात डावी बाजू होती, सीमेवर गाड्या एकमेकींवर आदळवण्यात कोणता धर्म होता? स्वीडनने तर ३ सप्टेंबर १९६७ च्या रविवारी पहाटे साऱ्या देशाची वाहने थांबवली, डावीकडून उजवीकडे घेतली आणि पाच वाजता पुन्हा सुरू केली. चार वाजता जी बाजू बरोबर होती ती पाच वाजता चुकीची झाली. मग यात नीती कोठली?

संत थॉमस अक्विनास यांनी याचे उत्तर सातशे वर्षांपूर्वी दिले आहे, तेही मोटारी नसताना. मानवी कायदा नैसर्गिक कायद्यातून दोन रीतींनी निघतो, असे ते म्हणतात. एका रीतीने तो निष्कर्षासारखा निघतो : कोणाचे अहित करू नये, म्हणून खून करू नये. दुसऱ्या रीतीने तो निश्चितीसारखा निघतो. घर असावे हे ठरलेले, परंतु दार पूर्वेला की पश्चिमेला हे गवंड्याने ठरवायचे. डावी-उजवी ही दुसऱ्या जातीची गोष्ट. एकमेकांचा जीव सांभाळा, ही आज्ञा जुनी आहे; डावीकडून चाला, हा तिला दिलेला आकार नवा आहे. पण एकदा दार पूर्वेला ठेवून घर बांधले आणि त्यात माणसे राहू लागली, की मग पश्चिमेची भिंत फोडून ये-जा करणाऱ्याने ‘दार कोठेही असू शकले असते’ हे कारण सांगून चालत नाही. उलट, नियम जितका केवळ संकेताचा, तितका तो परस्परांच्या विश्वासावर अधिक उभा. चोरी वाईट हे मनुष्य आतून जाणतो. डावी बाजू मात्र दुसऱ्याने पाळली तरच मला वाचवते.

हा विश्वास किती बारीक धाग्याचा आहे ते थोडक्या आकड्यांत सांगता येईल. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार आणि ताशी ३० च्या वेगाने उलटी येणारी दुचाकी यांच्यामधले अंतर सेकंदाला सुमारे तीस मीटरने तुटते. वळणावर शंभर मीटरवर ती दिसली, तर हातात तीन सेकंद आहेत. त्यांतला निदान एक सेकंद ‘हे माझ्याच बाजूला आहे’ एवढे मनाला पटण्यात जातो, कारण मन तसे मानायला तयारच नसते. रात्री तर आणखी बिकट. दुभाजक असलेल्या रस्त्यावर आपल्या बाजूला पुढे दिसतात ते लाल दिवे. पांढरा दिवा दिसला तर तो पलीकडचा, अशी डोळ्यांची सवय होते. उलट्या बाजूने आलेला पांढरा दिवा त्या सवयीच्या आड लपतो.

आणि हे झाले वाहन चालवणाऱ्याचे. आम्हांला अधिक चिंता वाटते ती पायी चालणाऱ्याची. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहा, असे आपण मुलांना शाळेत शिकवले. दुभाजकाच्या रस्त्यावर पहिल्या अर्ध्या भागात वाहने उजवीकडूनच येतात. म्हणून शाळेतून परतणारी मुलगी उजवीकडे पाहते, मोकळे दिसते, पाऊल टाकते. उलटी दुचाकी डावीकडून येते. बाजाराची टोपली घेतलेल्या म्हातारीचेही तेच. जिने नियम पाळला तिला नियमानेच फसवले, असे होऊन बसते. आणि आम्हांला तरी याहून मोठा अन्याय या रस्त्यावर दुसरा दिसत नाही. लोट्यासारख्या ठिकाणी त्यात टँकरची भर. उलट्या दुचाकीला चुकवण्यासाठी रसायनाने भरलेल्या टँकरने एकदम ब्रेक मारला किंवा स्टिअरिंग फिरवले, तर आतला द्रव उसळतो, टँकर कलंडू शकतो आणि मग प्रश्न दोघांचा राहत नाही, रस्त्यालगतच्या साऱ्या वस्तीचा होतो.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुसंख्य अतिवेगाने गेली. उलट्या बाजूच्या चालवण्याने गेली ती पाच टक्क्यांच्या आसपास. टक्केवारी लहान वाटते. माणसे मोजली तर ती आठ-नऊ हजारांच्या घरात जातात, म्हणजे रोज वीसहून अधिक.

‘पण मी तर वर्षानुवर्षे असाच जातो, काही झाले नाही.’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यातील तर्क तपासून पाहावा असा आहे. ११ जुलै २०२३ च्या सकाळी दिल्ली-मेरठ द्रुतगती मार्गावर गाझियाबादजवळ एक शाळेची बस, आत मुले नसताना, उलट्या बाजूने कित्येक किलोमीटर आली आणि समोरून येणाऱ्या मोटारीवर आदळली. मोटारीतील एकाच कुटुंबाची सहा माणसे गेली. बसचालक इंधन भरून परतत होता. वळसा टाळायचा होता. त्या बसला वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल पूर्वी अनेकदा दंड झाला होता, हेही नंतर उघड झाले. आता, त्या चालकाने आदल्या दिवशी हेच केले असते आणि समोरून कोणी आले नसते, तर आदल्या दिवशीचा तो माणूस निर्दोष ठरला असता काय? कृत्य तेच, मनातला विचार तोच, निष्काळजीपणाही तेवढाच. फरक एवढाच की समोरचे कुटुंब घरून दहा मिनिटे उशिरा निघाले. न्यायालय परिणामाकडे पाहते आणि शिक्षेत अंतर करते. न्यायालयाला तेच करणे भाग आहे. परंतु आत्मपरीक्षणाला बसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या दहा मिनिटांच्या उशिराचे पुण्य आपल्या खात्यावर जमा करावे, हे आम्हांला पटत नाही.

निर्गम ग्रंथात मारक्या बैलाविषयी एक नियम आहे. बैलाने शिंग मारून माणूस ठार केला, तर बैल मरेल, पण मालक निर्दोष. मात्र बैल मारका आहे हे आधीपासून ठाऊक होते, मालकाला बजावले होते आणि तरी त्याने बैल बांधला नाही, तर मालक दोषी. पहिल्या चुकीला अज्ञानाची सवलत आहे, बजावणीनंतर ती संपते. मोबाईलवर आलेले चलान हे आमच्या मते तेच बजावणे आहे. ते भरून टाकणारा म्हणतो, मिटले. निर्गमकार म्हणेल, आता तुला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. मुंबईतील फौजदारी गुन्ह्यांच्या आदेशाचे आश्चर्य आम्हांला वाटले नाही ते म्हणून. दंडाची रक्कम वाढवल्याने भाडे महाग होते एवढेच. गुन्हा म्हणून नोंद झाली की निदान कृत्याला त्याचे खरे नाव मिळते. श्रीमंताला तर महाग भाडेही परवडते. फिनलंडमध्ये दंड उत्पन्नाच्या प्रमाणात घेतात, तो याच कारणाने.

एवढे बोलून आम्ही त्या पाळीच्या कामगाराला सोडून दिले असते, तर तो अर्धाच न्याय झाला असता. त्याचा वळसा दोन-तीन किलोमीटरचा कोणी केला? अनुवादाच्या ग्रंथात नवे घर बांधणाऱ्याला सांगितले आहे, की धाब्याला कठडा घाल. नाहीतर कोणी पडला तर रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल. तेथे पडणाऱ्याचा निष्काळजीपणा काढलेला नाही. ज्याने उंच जागा निर्माण केली त्याच्यावर कठड्याची जबाबदारी. वस्तीच्या मधून महामार्ग नेणाऱ्याने माणसे रोज पलीकडे कशी जातील याचा विचार केला नाही, सेवा रस्ता अर्धा सोडला, भुयारी मार्ग दूर ठेवला, तर तोही कठडा न घालणारा घरधनीच. आणि त्याला ई-चलान येत नाही. या महामार्गाने प्रवाशांना वर्षानुवर्षे जो गोंधळ शिकवला तोही ध्यानात घ्यावा. काम चालू म्हणून एक बाजू बंद, दुसऱ्याच बाजूने दुतर्फा वाहतूक, पुढे पुन्हा चौपदरी, पुन्हा वळवणे. परशुराम घाटाच्या कामासाठी २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत घाट दुपारी काही तास रोज बंद ठेवला जाई आणि वाहने चिरणी-आंबडसच्या अरुंद वाटेने जात. कालची उलटी बाजू आज अधिकृत, उद्या पुन्हा उलटी. अशा रस्त्यावर ‘बाजू’ या शब्दाचा धाक मनातून उतरला तर नवल नाही.

तथापि या सबबीची मर्यादा आहे. जेथे फलक लावून, पोलीस उभा करून, वेग कमी करायला लावून वाहतूक उलट्या बाजूला वळवली जाते, तेथे समोरच्याला ते सांगितलेले असते. शब्द मोडलेला नसतो, बदललेला असतो. कामगार जेव्हा स्वतःच्या सोयीने उलटा निघतो तेव्हा समोरच्याला कोणीही सांगितलेले नसते. रुग्णवाहिका भोंगा वाजवीत येते, तीही सांगतच येते. घरात कोणी अत्यवस्थ आहे आणि दुसरा मार्गच नाही, अशा वेळी काय करावे, असे विचारणाऱ्याला आम्ही एवढेच म्हणू : अगदी हळू, दिवे लावून, भोंगा वाजवीत, कडेने, आणि शक्य तर वाहन उतरून हाताने ढकलीत. दोनशे मीटर वाहन ढकलीत नेणाऱ्याला कायदा अडवील की नाही हे आम्ही सांगत नाही, पण तो कोणाच्या अंगावर जात नाही. पाळीच्या कामगाराला मिठाची पुडी आणण्यासाठी एवढे करावेसे वाटत नसेल, तर आपली निकड किती खरी होती हे त्याने स्वतःलाच विचारावे. आणि दुचाकीच्या टाकीवर बसवलेल्या मुलाचेही एक आहे. वळसा टाळून बाप उलटा निघतो तेव्हा ते मूल काय शिकते, हे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातून पुसले जाणार नाही. मिस्साला उशीर होतो म्हणून उलट्या बाजूने मंदिराच्या फाटकापर्यंत येणारी वाहने आमच्या पाहण्यात आहेत. उशिरा येणे त्याहून बरे.

आता प्रश्न उरतो तो आपला, म्हणजे आपल्या योग्य बाजूने नीट चाललेल्यांचा. समोरून उलटा माणूस आला की आपल्या मनात काय उसळते? आपण दिवे प्रखर करतो, भोंगा दाबून धरतो, त्याला घाबरवण्यासाठी मोटार थोडी त्याच्या अंगावर घेतो. बाजू आपली असते ना! १९ जानेवारी २०२३ च्या पहाटे याच महामार्गावर माणगावजवळ रेपोली येथे एक व्हॅन आणि ट्रक समोरासमोर आदळले; गुहागरकडे निघालेली, एकमेकांच्या नात्यातली माणसे त्यात गेली. त्या अपघातात कोण कोणत्या बाजूला होते याचा निवाडा करण्याचा आम्हांला अधिकार नाही. त्या घरांत आज बाजू कोणाची होती याचा उपयोगही नाही. बाजू आपली असणे म्हणजे पुढे जाण्याचा हक्क. समोरचा चुकला म्हणून त्याला तुडवण्याचा हक्क त्यात येत नाही, हे कायदाही मानतो आणि न्यायाधिकरणे भरपाई ठरवताना दोघांच्या निष्काळजीपणाचा वाटा मोजतात. तेव्हा लोट्याच्या वळणावर तो निर्विकार चेहरा समोर आला, तर वेग उतरवावा, दिवे मंद करावेत, आरशात पाहून डावी-उजवीकडे त्याला जागा द्यावी. त्याच्या मागे पत्नी आहे, मध्ये मूल आहे. आणि तो गेल्यावर, पुढच्या नाक्यावर वाहतूक पोलीस उभा असेल, तर मोटार बाजूला घेऊन त्याला सांगावे की मागे कोठे, कोणत्या ठिकाणी माणसे उलटी येतात, आणि तेथे दुभाजकाला वाट किती दूर आहे.